भारत-पाक प्रकरणात परदेशी मीडिया पक्षपाती आहे का, हे नीट तपासायचं कसं? (क्रम चुकवू नका)

सीमेवर काहीही झालं की दोन तासांत कुठल्यातरी परदेशी पेपरच्या हेडलाईनचा स्क्रीनशॉट फिरायला लागतो आणि खाली निकाल तयार असतो, "बघा, विकले गेलेत". पुढच्या आठवड्यात त्याच पेपरने आपल्या सोयीचं काही छापलं की तोच पेपर "आता जगानेही मान्य केलं" म्हणून फॉरवर्ड होतो. म्हणजे पक्षपात ओळखायची आपली कसोटी एकच, बातमी आवडली की नाही. ती कसोटी नव्हे. परदेशी मीडियात पक्षपात असतो, भरपूर असतो, पण लोक सुरुवातच शेवटच्या पायरीपासून करतात आणि मग खरा पक्षपात हातातून सुटतो आणि नसलेल्यावर दंगा होतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणं मुद्दाम २०१९ आणि २०२५ ची घेतली आहेत, सगळ्यांना आठवतात.

## आधी तयारी

एक शीट उघडा, गूगल शीट नाहीतर साधी वही. रकाने एवढेच: माध्यमाचं नाव, लिंक, वेळ, बायलाईन (बातमीवरचं लेखकाचं किंवा एजन्सीचं नाव), डेटलाईन, दावा, त्या दाव्याचा सोर्स, आणि बातमी आहे की मतलेख.

वेळ भारतीय वेळेत करून लिहा. पाकिस्तान आपल्यामागे अर्धा तास, लंडन उन्हाळ्यात साडेचार तास आणि न्यूयॉर्क साडेनऊ तास. क्षुल्लक वाटतं, पण "यांनी मुद्दाम दाबून ठेवलं" हे अर्धे आरोप निव्वळ वेळेच्या घोळातून निघतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणीच करत नाही: बातमी वाचायच्या आधी एका ओळीत लिहून ठेवा की यात काय सापडलं तर मी पक्षपात म्हणेन आणि काय सापडलं तर म्हणणार नाही. नंतर लिहिलंत तर उपयोग शून्य, तोपर्यंत राग आलेला असतो.

वाचायला किमान सहा ठिकाणं घ्या: एक न्यूज एजन्सी (रॉयटर्स, एपी किंवा एएफपी), एक ब्रिटिश, एक अमेरिकन, एक आखातातलं, एक पाकिस्तानी (डॉन घ्या, आपल्याकडे समजतात त्यापेक्षा त्यांच्या सरकारला जास्त टोचणारा पेपर आहे) आणि एक भारतीय.

## १. बातमी खरंच छापून आली आहे का?

हसू नका. मे २०२५ मधे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी तिथल्या सिनेटमधे ब्रिटनच्या डेली टेलिग्राफचा हवाला देऊन पाकिस्तानी हवाई दलाची तारीफ केली, आणि ते पान बनावट निघालं, एआयने बनवल्यासारखं, त्यात स्पेलिंगच्या चुका होत्या. ही पोल खोलली कोणी, तर डॉनने. देशाचा मंत्री फसतो तिथे फॅमिली ग्रुपवरचे काका कोण.

करायचं काय: स्क्रीनशॉटवरून काहीही ठरवू नका. हेडलाईनचे पाच-सहा शब्द अवतरण चिन्हात टाकून त्या माध्यमाच्या साईटवर शोधा. छापील पानाचा फोटो असेल तर त्या तारखेचा ई-पेपर बघा. पेवॉल असली (पैसे भरल्याशिवाय वाचता येत नसलं) तरी हेडलाईन, तारीख आणि लेखकाचं नाव बहुतेक वेळा दिसतंच.

थांबा: मूळ लिंक मिळाली नाही तर इथेच संपलं. "असं कुठेतरी वाचलं होतं" यावर पुढची पायरी चढायची नाही.

## २. तुम्ही कुठली आवृत्ती वाचताय?

ऑनलाईन बातमी एकदा छापून तशीच राहत नाही, पहिल्या दिवशी तर ती तासातासाला बदलते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला त्या दिवशी न्यूयॉर्क टाईम्सच्या हेडलाईनमधे मृतांचा आकडा किमान २४ होता, शेवटी तो २६ झाला. आता कोणी जुना स्क्रीनशॉट दाखवून "आकडा कमी दाखवला" म्हणालं तर तो पक्षपात नाही, ती पहिल्या काही तासांची बातमी आहे. तेव्हा आपल्या चॅनेलांवरही आकडे वरखाली होतच होते.

वेबॅक मशीन या साईटवर (ती वेबपानांच्या जुन्या कॉपी जपते) लिंक टाका, दिवसभरातल्या वेगवेगळ्या कॉपी मिळतात. हेडलाईन बदलली असेल तर कधी बदलली ते लिहा. लिंकच्या पत्त्यातही कधीकधी जुनी हेडलाईन तशीच राहिलेली असते. आणि बातमीच्या अगदी तळाशी जा, दुरुस्तीची नोट असेल तर तिथेच असते.

एक लक्षात ठेवा, हेडलाईन बहुतेक वेळा वार्ताहर लिहीत नाही, डेस्कवरचा माणूस लिहितो. त्यामुळे हेडलाईन एक बोलतेय आणि आतली बातमी दुसरंच, असं दिसलं तर दोन्ही वेगळ्या नोंदवा. माझ्या मते तर हेडलाईन आणि आतला मजकूर यांच्यातली फट हा पक्षपात पकडायचा सगळ्यात सोपा पुरावा आहे, कारण दोन्ही त्यांचंच असतं, बाहेरून काही आणावं लागत नाही.

## ३. लिहिलं कोणी, आणि पैसे कोणाचे?

बायलाईन बघा. "रॉयटर्स" किंवा "एपी" असेल तर ती एजन्सीची कॉपी आहे आणि तीच कॉपी शेकडो साईटवर जाते. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात: चाळीस परदेशी साईटवर एकच वाक्य दिसलं की "सगळं जग म्हणतंय" असं वाटतं, पण ती चाळीस नाहीत, एकच बातमी आहे. शीटमधे एकच ओळ भरा.

मग मतलेख वेगळे काढा. वॉशिंग्टनच्या पेपरात आलेला लेख दिल्लीच्या किंवा इस्लामाबादच्या माणसाने लिहिलेला असू शकतो, ती त्या पेपरची भूमिका नसते.

मालकी थोडक्यात: अल जझीरा कतार सरकारच्या पैशावर, टीआरटी वर्ल्ड तुर्कस्तान सरकारचं, ग्लोबल टाईम्स चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या पीपल्स डेलीच्या घरातलं, बीबीसी मुख्यतः ब्रिटिश लोकांच्या लायसन्स फीवर. चीनचा पाकिस्तानशी शस्त्रांचा व्यवहार आहे हे माहीत असल्यावर ग्लोबल टाईम्सच्या पोस्ट वेगळ्या नजरेने वाचाव्या लागतात. ७ मे २०२५ ला बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने त्यांना जाहीरपणे सुनावलं होतं, आधी तथ्य तपासा म्हणून. पण मालक कळला म्हणजे बातमी खोटी ठरली असं नाही. मालकी हा संशय घ्यायचा मुद्दा आहे, पुरावा पुढच्या पायऱ्यांत शोधायचाय.

## ४. वार्ताहर होता कुठे?

डेटलाईन म्हणजे बातमीच्या सुरुवातीचं गावाचं नाव. "नवी दिल्ली" असेल तर तो पहलगामला नव्हता, "इस्लामाबाद" असेल तर तो पाकिस्तानातल्या बहावलपूरला नव्हता. परदेशी पत्रकारांना जम्मू-काश्मीरमधे जायला आपल्या सरकारची परवानगी लागते, आणि पलीकडेही संवेदनशील भागात लष्कराच्या मर्जीशिवाय पान हलत नाही.

बालाकोटचं बघा. पाकिस्तानातल्या या ठिकाणी भारतीय हवाई दलाचा हल्ला २६ फेब्रुवारी २०१९ चा. रॉयटर्सच्या लोकांना, जिथे हल्ला केल्याचं भारताने सांगितलं त्या टेकडीवरच्या मदरशाकडे जायला पुन्हापुन्हा अडवलं गेलं, आणि परदेशी पत्रकारांना तिथे नेलं थेट १० एप्रिलला, तेही लष्कराने नेलेल्या दौऱ्यात. म्हणजे ४३ दिवसांनी! आता त्या दौऱ्याची बातमी वाचताना बघायचं एवढंच, की ही अट वाचकाला सांगितली आहे का. बीबीसीने ४३ दिवसांचा मुद्दा सांगितला होता. ज्यांनी तो न सांगता "आम्ही प्रत्यक्ष पाहिलं" एवढंच लिहिलं त्यांच्या नावापुढे खूण करा.

तपासा: कोण घेऊन गेलं, किती वेळ दिला, लोकांशी एकट्याने बोलू दिलं का. तिन्हीची उत्तरं बातमीत असायला हवीत.

## ५. प्रत्येक दाव्याचा सोर्स वेगळा काढा

इथे वेळ घालवा. बाकी सगळं अर्ध्या तासात होतं, हीच पायरी तास-दीड तास खाते.

बातमीतला प्रत्येक दावा वेगळ्या ओळीत लिहा आणि पुढे सोर्सचा प्रकार: नाव असलेला अधिकारी, निनावी अधिकारी (किती जण आणि कुठल्या देशाचे), प्रत्यक्षदर्शी, सॅटेलाईट फोटो, की कागदपत्र. मग पुढचे प्रश्न विचारा.

पहिला, त्या सोर्सचा स्वतःचा स्वार्थ काय. राफेलचंच घ्या. ७ मे २०२५ च्या भारताच्या हल्ल्यानंतर (ऑपरेशन सिंदूर) पाकिस्तानने पाच भारतीय विमानं पाडल्याचं सांगितलं, पुढे सहा झाली. सीएनएनने एका फ्रेंच गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्याने एक राफेल पडल्याचं दिलं, रॉयटर्सने दोन अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हवाल्याने किमान दोन विमानं पडल्याचं दिलं. सगळे निनावी. आपल्याकडे लगेच "पाकिस्तानी प्रपोगंडा" झाला. ३१ मे ला सिंगापूरमधे सीडीएस (तिन्ही दलांचे प्रमुख) जनरल अनिल चौहान यांनी ब्लूमबर्गशी बोलताना विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही, आणि सहाचा आकडा साफ चुकीचा असल्याचं सांगितलं. म्हणजे "काही पडली" ही बातमी पक्षपाती नव्हती, आणि ज्यांनी पाकिस्तानचा आकडा "पाकिस्तान म्हणतो" हे दोन शब्द न लावता छापला त्यांचं चुकलं. हे दोन निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, लोकांना हेच पचत नाही.

दुसरा, निनावी सोर्सवर तुम्ही सोयीनुसार विश्वास ठेवताय का. एप्रिल २०१९ मधे फॉरेन पॉलिसीने दोन निनावी अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हवाल्याने लिहिलं की पाकिस्तानची एफ-१६ विमानं मोजली, सगळी जागेवर आहेत. आपल्या हवाई दलाने एक एफ-१६ पाडल्याचा दावा कायम ठेवला, रडारच्या प्रतिमा दाखवल्या, आणि अशी काही मोजणी झाल्याचं आम्हाला माहीत नाही असं पेंटागॉनकडून (अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून) सांगितलं गेलं. तेव्हा आपण म्हणत होतो निनावी सोर्सला काय किंमत, बरोबर होतं. मग तोच नियम आपल्याला आवडलेल्या निनावी सोर्सला लावा.

तिसरा, क्रियापद. दोन रंगांचे हायलायटर घ्या, एका देशाच्या विधानांना एक रंग. कोणाचं "म्हटलं" येतं आणि कोणाचं "दावा केला", कोणाच्या मागे "पुरावा न देता" ही शेपटी लागते. एका सरकारला ही शेपटी प्रत्येक वेळी आणि दुसऱ्याला एकदाही नाही असं दिसलं तर ती पक्की नोंद, तारखेसकट. पण आधी हेही बघा की त्या सरकारने पुरावा खरंच दिला होता का, नसेल दिला तर ती शेपटी म्हणजे निव्वळ वस्तुस्थिती आहे.

चूक: "दोन्ही बाजू समान छापल्या म्हणजे निःपक्षपाती" असं धरून बसणं. एका बाजूकडे फोटो आहेत आणि दुसरीकडे फक्त प्रेस नोट, तर दोघांना सारखे परिच्छेद देणं हाही एक झुकावच.

## ६. शब्दांची तपासणी (इथेच सगळ्यांचं डोकं फिरतं)

पहलगामनंतर सगळ्यात मोठा वाद "मिलिटंट" या शब्दावर झाला. न्यूयॉर्क टाईम्सने तो हेडलाईनमधे वापरला, तर अमेरिकी संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीच्या बहुमतवाल्या गटाने तो शब्द खोडून तिथे "टेररिस्ट" लिहिलेला फोटोच एक्सवर टाकला. भारत सरकारने बीबीसीच्या इथल्या प्रमुखांना पत्र लिहून नाराजी कळवली. राग समजू शकतो. धर्म विचारून माणसं मारली आणि हे साळसूदपणे मिलिटंट म्हणतात.

पण तपासताना एक पायरी मधे आहे. बीबीसीचा लिखित नियम आहे की "टेररिस्ट" हा शब्द कोणाच्यातरी तोंडी घालूनच वापरायचा, स्वतःच्या आवाजात नाही. रॉयटर्सचाही तसाच, आणि रॉयटर्सने तर ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यालाही हाच नियम लावला होता, त्यावरून अमेरिकेत शिव्या खाल्ल्या. ऑक्टोबर २०२३ मधे हमासच्या बाबतीत बीबीसीवर ब्रिटनच्या मंत्र्यांनीच टीका केली, तेव्हा बीबीसीचे ज्येष्ठ पत्रकार जॉन सिम्पसन यांना हा नियम समजावून सांगावा लागला.

म्हणून प्रश्न "टेररिस्ट का नाही लिहिलं" हा नसून "हाच नियम स्वतःच्या शहरातल्या हल्ल्याला लावता का" हा आहे. तो असा तपासायचा:

लंडन जुलै २००५, पॅरिस नोव्हेंबर २०१५, मँचेस्टर मे २०१७ असे दोन-तीन हल्ले घ्या. त्याच माध्यमाच्या त्या हल्ल्याच्या पहिल्या चोवीस तासांतल्या बातम्या काढा. त्यात पोलीस किंवा पंतप्रधानांच्या तोंडचा शब्द मोजू नका, फक्त माध्यमाचा स्वतःचा आवाज मोजा. मग तसंच मुंबई २००८, पुलवामा २०१९ आणि पहलगाम २०२५ साठी करा. एकीकडे सर्रास "टेररिस्ट" आणि आपल्याकडे कायम "गनमेन" निघालं तर तो खणखणीत दुटप्पीपणा आहे आणि तो तुम्ही तक्त्यात दाखवू शकता. दोन्हीकडे तोच सावध शब्द निघाला तर त्यांचा नियम तुम्हाला पटो न पटो, तो भारताविरुद्धचा पक्षपात नाही. मलाही तो नियम पटत नाही, पण माझं न पटणं म्हणजे त्यांचा पक्षपात नव्हे.

"भारतशासित काश्मीर, पाकिस्तानशासित काश्मीर" हेही बहुतेक मोठ्या माध्यमांचं ठरलेलं साचेबंद लिखाण आहे. तपासायचं काय, तर दोन्ही बाजूंना सारखं विशेषण लावलंय का. एकीकडे "भारताच्या ताब्यातलं" आणि दुसरीकडे थेट "आझाद काश्मीर", असं दिसलं की पकडा.

## ७. घड्याळ कुठून सुरू केलंय?

ही माझी आवडती पायरी, कारण इथे खोटं एक अक्षरही न लिहिता वाचकाला फिरवता येतं. ७ मे च्या हल्ल्याची बातमी घ्या आणि पहलगामचा उल्लेख कितव्या परिच्छेदात येतो ते मोजा. दुसऱ्यात आहे की बाराव्यात? "पार्श्वभूमी" म्हणून जे देतात ती कधीपासून सुरू होते, १९४७, २००८ चा मुंबई हल्ला, की फक्त ऑगस्ट २०१९ चं कलम ३७०? प्रत्येक माध्यमाची सुरुवात शीटमधे लिहा, चार-पाच बातम्यांनंतर सवय उघडी पडते.

१० मे २०२५ ची युद्धबंदी यासाठी उत्तम सराव आहे. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सांगितलेला क्रम: दुपारी ३:३५ ला पाकिस्तानच्या डीजीएमओंचा (लष्करी कारवायांचे महासंचालक) आपल्या डीजीएमओंना फोन, संध्याकाळी ५ पासून कारवाई बंद. पण जगाला आधी कळलं ते ट्रम्प यांच्या पोस्टमधून, मध्यस्थी अमेरिकेने केल्याच्या दाव्यासकट. ज्या बातम्यांनी घड्याळ ट्रम्पच्या पोस्टपासून सुरू केलं त्यात अमेरिका हिरो दिसते, ज्यांनी ३:३५ च्या फोनपासून केलं त्यात दोन लष्करं दिसतात. सहाही माध्यमांची पहिली चार वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक देशाचा पेपर आपल्या नेत्याला थोडा पुढे ढकलतोच हे तिथे दिसतं, आणि हा पक्षपात भारतविरोधी किंवा पाकविरोधी नसतो, तो त्यांचा स्वतःच्या बाजूचा असतो. आपण हा प्रकार नेहमी विसरतो.

## ८. फोटो, व्हिडिओ, नकाशा

पटकन सांगतो. फोटो उलट शोधात टाका (गूगल लेन्स, यांडेक्स). मे २०२५ मधे पाडलेल्या राफेलचा म्हणून फिरलेला एक फोटो २०२१ मधे पंजाबच्या मोगा जिल्ह्यात पडलेल्या आपल्याच मिग-२१ चा होता. आर्मा ३ या व्हिडिओ गेमचे तुकडे तर प्रत्येक युद्धात निघतात.

सॅटेलाईट फोटो असेल तर रिझोल्यूशन विचारा. फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-२ मधे एक ठिपका म्हणजे १० मीटर, त्यात छपराचं भोक दिसणं शक्यच नाही, त्यामुळे त्यावरून "काही झालंच नाही" किंवा "सगळं उद्ध्वस्त" दोन्ही बोलू नका. २०१९ मधे रॉयटर्सने बालाकोटसाठी वापरलेला प्लॅनेट लॅब्ज या कंपनीच्या सॅटेलाईट फोटोत एक ठिपका म्हणजे ७२ सेंटीमीटर होता आणि त्यात इमारती उभ्या दिसत होत्या, आपल्याकडचं म्हणणं होतं की ते बॉम्ब छप्पर भेदून आत फुटतात. दुसरीकडे मे २०२५ मधे वॉशिंग्टन पोस्टने अशाच फोटोंवरून पाकिस्तानच्या किमान सहा हवाई तळांवर नुकसान झाल्याचं दाखवलं. पहिला फोटो खोटा आणि दुसरा खरा, असं फक्त निकालावरून म्हणता येणार नाही.

नकाशा वेगळा नोंदवा. चुकीच्या नकाशावरून अल जझीराचं प्रसारण एप्रिल २०१५ मधे आपल्याकडे पाच दिवस बंद होतं, तेव्हा विषय साधा नाही, पण नकाशा आणि मजकूर यांचे मार्क एकत्र करू नका.

## ९. आता निकाल, पण चार कप्प्यांत

शीटमधली प्रत्येक नोंद यातल्या एकाच कप्प्यात टाका: (क) चूक, जी दाखवल्यावर दुरुस्त झाली किंवा होऊ शकते. (ख) त्यांचा ठरलेला नियम, सगळ्यांना सारखा लावलेला. (ग) स्वतःच्या देशाकडे झुकाव. (घ) एका बाजूला सातत्याने वेगळं माप.

फक्त (घ) ला "पक्षपात" म्हणा आणि त्यासाठी एक बातमी पुरत नाही. निदान दोन वेगवेगळ्या घटना आणि दोन वेगवेगळे वार्ताहर असतील तरच. एकाच वार्ताहराचं सगळं वाकडं निघालं तर त्या वार्ताहराचं नाव घ्या, अख्ख्या पेपरचं नको.

तपासा: तयारीत लिहिलेली ओळ आता काढा. जे सापडलं तर पक्षपात म्हणणार होतात तेच सापडलं का, की मधेच गोलपोस्ट हलवला? शीटमधे देशांची नावं उलटी करून परत वाचा, तरीही तोच कप्पा येतो का.

## १०. तक्रार करायचीच असेल तर

एक्सवर शिव्या घालून कुठल्याच डेस्कवर काही हलत नाही. बीबीसीकडे तक्रारीचा ऑनलाईन फॉर्म आहे आणि मजकूर आल्यापासून ३० कामकाजाच्या दिवसांत तो भरावा लागतो, पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर वरच्या टप्प्यावर नेता येतं. टेलिग्राफ, टाईम्स, डेली मेल यांच्यासाठी इप्सो ही पेपरांविरुद्धच्या तक्रारी बघणारी ब्रिटिश संस्था आहे, तिथे चार महिन्यांची मुदत आणि अचूकतेचं कलम पहिलंच आहे. गार्डियन आणि फायनान्शिअल टाईम्स इप्सोत नाहीत, त्यांची आपापली व्यवस्था आहे, तेव्हा त्यांची तक्रार इप्सोला पाठवून वेळ घालवू नका. न्यूयॉर्क टाईम्सने वाचकांच्या बाजूने बघणारं पब्लिक एडिटर हे पद २०१७ मधेच बंद केलं, त्यामुळे तिथे दुरुस्तीच्या ईमेलवरच लिहायचं.

मजकूर छोटा ठेवा: लिंक, तारीख-वेळ, नेमकं वाक्य जसंच्या तसं, त्यात काय चूक, पुरावा, आणि काय दुरुस्ती हवी. एका ईमेलमधे एकच मुद्दा. (ख) कप्प्यातलं काही पाठवू नका, ते ठरलेलं उत्तर पाठवतील आणि फाईल बंद करतील. (घ) साठी तक्ता जोडा, त्यांच्याच दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून. "तुम्ही भारतद्वेष्टे आहात" हे वाक्य टाकायचा मोह होईल, तेवढं काढून मग पाठवा.